दोघांनी उचलायचा बैल

१

दुपारी गुराढोरांच्या ढेपेच्या दुकानातली गर्दी ओसरली की धीरज अंगावरचा भुसा झटकायचा, खिशात सीडी टाकायचा आणि सायकल काढून देवळीच्या बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासकडे निघायचा. बाबा, म्हणजे नत्थूजी, गल्ल्यावरून नुसतं पाहायचे. आषाढात थोरला मुलगा, कैलास, गेल्यापासून ते तसेही फारसं बोलत नव्हते.

क्लास दिपालीताईचा. धीरज आत शिरला की सरकीच्या ढेपेचा वासही त्याच्याबरोबर आत यायचा आणि टायपिंग करणाऱ्या मुली ओढणी नाकाला लावायच्या. त्याला त्याचं काही नव्हतं. कोपऱ्यातली मशीन रिकामी असली तर दिपालीताई मानेनं खूण करायची. मग तो सीडी आत सरकवायचा आणि माणूस शोधायला मागे वळायचा.

"भाऊ, जरासं बसता का? गेम हाय. माह्या दादानं बनवला."

"गाडी हाय का त्याच्यात?"

"नाई. बैल हाय."

"बंदूक?"

"बैल हाय ना, भाऊ."

"मंग राहू दे."

असं रोज चालायचं. कोणी मन राखायला बसायचं, गेममधल्या दोन गल्ल्या फिरून उठायचं. धीरज पुन्हा पहिल्यापासून गेम लावून ठेवायचा. आठवीत शाळा सोडलेला हा पोरगा, एका जागी घटकाभर न टिकणारा, पण या कामाला मात्र तो कंटाळत नव्हता. कैलासचा गेम एकदा तरी कोणी शेवटपर्यंत खेळावा, एवढंच त्याला हवं होतं. त्यापुढचं काही त्याच्या डोक्यात नव्हतं.

२

गेमचं नाव 'बोजारा'. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात. घरची बाई बैलाच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर खाऊ नाहीतर नाणं ठेवते, तो बोजारा. कैलासनं तेच घेतलं होतं. दोन पोरं. मोठा, पिवळ्या शर्टातला, पुढून दोरी ओढतो. लहाना मागून बैलाला धरून ढकलतो. मोठ्याला कीबोर्डवरच्या डाव्या हाताच्या अक्षरांनी चालवायचं, लहान्याला उजवीकडच्या बाणांनी. कीबोर्ड एक, माणसं दोन. एकटा बसला तर दोन्ही हातांनी, जमेल तसं. सगळी देवळी फिरून दिवेलागणीच्या आत घरी यायचं आणि उंच उंबरठ्यावरून बैल दोघांनी मिळून उचलायचा. एकानं आधी उचलला तर बैल कलंडतो. बरोबर उचलला की आई येते, पाय धुते, बैल घरात. संपला गेम.

कैलासला माणसांची तोंडं काढता येत नसत. म्हणून दोन्ही पोरं कुठूनही पाहिली तरी पाठमोरीच दिसायची.

गेम बनत होता तेव्हा जाणकार माणूस धीरज होता. बैल वळणावर कसा झुकतो, कोणत्या गल्लीत कुत्रं अंगावर येतं, हे त्यानंच सांगितलं. घरातला बैल आजोबांच्या वेळचा, अख्ख्या सागाचा. दोघांशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. त्याच्या एका चाकाचा टवका उडालेला होता. तो बैल ओसरीवर फिरवून कैलासनं माइकसमोर आवाज भरला होता. करकर, करकर, टक. करकर, करकर, टक.

मग सीड्या घेऊन दोघं वर्ध्याला गेले. नेट कॅफेवाल्यानं विचारलं, "दोन मानसं एका खुर्चीवर कसे बसतीन बे? माह्या इथं एका डब्यात एक मानूस." दुसऱ्यानं सीडी ठेवून घेतली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. मुंबईच्या एका मासिकाला पाकीट पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी स्टेशनसमोर एका ऑटोच्या मागे सीडी लटकलेली दिसली, उन्हात चमकत होती. तिच्यावर कैलासच्या अक्षरात 'बोजारा' लिहिलेलं. धीरज ऑटोवाल्याच्या अंगावर धावून जात होता. कैलासनं त्याला धरलं आणि पोट धरून हसत सुटला.

"जाऊ दे ना बे. पाह्य तरी, आपला गेम वर्धाभर फिरून राह्यला."

आषाढात, सावंगीच्या दवाखान्यात, तापात, तो एकदाच गेमबद्दल बोलला. "लोक अर्ध्यातून उठतेत ना धीरज, मले बराबर नाई वाटत. त्या पोट्ट्याले रस्त्यात उभं ठेवून जातेत."

"कोनी ना कोनी खेळंन शेवटपर्यंत," धीरज म्हणाला.

"दोघं लागतीन," कैलास म्हणाला.

३

पोळा आठवड्यावर आला होता. त्या दिवशी धर्मेंद्र बसला. ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान त्याचं, बिलं कॉम्प्युटरवर काढायची हौस म्हणून क्लासला यायचा. जाडजूड माणूस, खुर्ची कुरकुरायची. तो चक्क रमला. धीरज दारात उभा राहून बाहेरच्या बसगाड्या पाहत होता, आत पाहायचा धीर त्याला होत नव्हता. पाहिलं की माणूस उठेल असं वाटायचं.

बऱ्याच वेळानं धर्मेंद्र उठला. "हनुमान मंदिरापर्यंत गेलतो. मस्त हाय बे. गिऱ्हाईक येऊन बसलं असंन, नाईतर अजून खेळलो असतो."

"खरंच?"

"अरे हो. तो मोठा पोट्टा तर लय हुशार. मी मागून ढकलू का नाई, तो पुढून बराबर ओढते. वळनावर थांबते माह्यासाठी. अन् त्या चाकाचा आवाज! टक, टक. एकदम खरा. माह्या लहानपनचा बैल आठवला ना बाप्पा."

धीरज इतका खूश झाला की त्यानं धर्मेंद्रला चहा पाजला. घरी जाताना सायकल हात सोडून चालवली. दुकानात आला, ढेपेचं पोतं पाठीवर घेतलं आणि दोन पावलांवर तसाच थांबला.

मोठा पोरगा आपला आपण चालत नाही. त्यानं स्वतः कैलासबरोबर कितीदा खेळून पाहिलं होतं. कैलास पाणी प्यायला उठला की मोठा जागच्या जागी उभा राहायचा, लहान्यानं कितीही ढकललं तरी.

"काऊन थांबला?" बाबांनी विचारलं.

"काई नाई."

दादानं शेवटी शेवटी काही टाकलं असेल, त्यानं मनाशी म्हटलं. आपल्याला सांगायचं राहिलं असेल. हे त्याला पटलं. पोतं थप्पीवर रचलं आणि तेव्हा त्याला दुसरी गोष्ट आठवली. क्लासच्या एकाही मशीनला स्पीकर नाही. पोरं गाणी लावतात म्हणून दिपालीताईनं ते कधी घेतलेच नव्हते.

४

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला नाही. स्वतः गेम लावून समोर बसला. बटणं दाबायची नाहीत, नुसतं पाहायचं, असं ठरवलं.

गेम नेहमी घरापासून सुरू व्हायचा. उंबरठ्याबाहेर बैल, पुढे मोठा, मागे लहाना. आज उंबरठ्याशी लहाना एकटाच उभा होता. समोरची गल्ली रिकामी. धीरजला वाटलं, सीडीवर ओरखडा पडला. तो उठणार तेवढ्यात उजव्या कडेनं, हनुमान मंदिराच्या बाजूनं, मोठा आला. बैल एकट्यानं ओढत होता. सावकाश. वळणावर बैल झुकायचा, तेव्हा थांबून पुन्हा ओढायचा. येऊन लहान्याच्या पुढे, आपल्या जागी उभा राहिला.

"ताई," धीरजनं हाक मारली. "गेम कुठी सोडला ते याच्यात राह्यते का?"

"नाही रे. सेव्ह ठेवलंच नाही त्यानं." दिपालीताई मागे येऊन उभी राहिली. "मी म्हटलं होतं त्याला, लोक उठतात तर सेव्ह ठेव. तो म्हणे, ताई, बैल अर्ध्या रस्त्यात ठेवून देतात का?"

धीरजनं तिला सांगितलं. ती हसली नाही. व्हायरस असेल म्हणाली. मशीनमधला गेम पुसला, सीडीवरून नव्यानं टाकला. "सीडीवर एकदा लिहिलं की लिहिलं. ती काही बदलत नाही," ती म्हणाली, आणि एका मुलीला शेजारी बसवून स्वतः अक्षरांवर बोटं ठेवली. मोठा तिचं ऐकेना. ती डावीकडे दाबायची, तो सरळ चालायचा. कीबोर्ड बदलला. तेच. शेवटी तिनं हात मांडीवर घेतले, तर तो नीट चालायला लागला. मुलगी मागून ढकलत होती. दोघं पोस्टापाशी पोचले आणि लाइट गेली. लोडशेडिंग. सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या, मुली वह्या गोळा करून निघाल्या. जुनी बॅटरी जेमतेम मशीन बंद करण्यापुरती टिकली.

लाइट आल्यावर धीरजनं गेम लावला. या वेळी मोठा पोस्टाच्या बाजूनं आला.

दिपालीताईनं ते पाहिलं. मग खाली वाकून सीडी बाहेर काढली, कपड्यानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. "मी त्याची फाइल उघडून पाहिली रे मघाशी. मोठ्याला आपोआप चालवायचं त्यात काही नाही. कुठंच नाही." मग कोपऱ्यातली मशीन बंद करत म्हणाली, "काही दिवस नको लावू इथं."

बाहेर धर्मेंद्र भेटला. धीरजनं त्याला पुन्हा खेळशील का विचारलं. तो मोटरसायकलचा आरसा पुसत राहिला.

"नाई बाप्पा."

"काऊन? आवडला म्हनत होता ना तू?"

"आवडला ना. पन मी बटन सोडलं का तोही थांबते. वाट पाह्यते. अन् मंग माह्याकडं वळाले लागते."

"वळते? त्याले तोंडच नाई काढलं दादानं."

"म्हनूनच उठलो ना मी," धर्मेंद्र म्हणाला. "पूरा वळू नाई देला."

५

आई, आनंदाबाई, ओसरीवर तूर निवडत बसली होती. धीरज तिच्यासमोर पायरीवर टेकला.

"खेळलं का कोनी?" ती रोज विचारायची.

"खेळतेत. अर्ध्यातून उठतेत."

"मंग बैल कुठी राह्यते?"

"कुठीही. कोनी देवळापाशी सोडते, कोनी पोस्टापाशी."

तिची बोटं थांबली. "घरून निघते ना तो बैल? आपल्या?"

"हो."

"धीरज, दुखाच्या वर्षात बैल घराबाहेर काढाचा नसते."

"माय, तो कॉम्प्युटरातला हाय."

"पन काढला ना तुनं?"

आषाढातच तिनं खरा बैल बाबांकरवी माळ्यावर चढवला होता. दोरी सोडून ठेवली होती आणि चाकं फिरू नयेत म्हणून त्यांना कैलासचा पिवळा शर्ट गुंडाळून घट्ट बांधला होता. तेव्हा धीरज खालून शिडी धरून उभा होता. त्याला हे सगळं ठाऊक होतं. तरी रोज, दिवसातून किती वेळा तरी, तो त्या उंबरठ्यावरून बैल बाहेर काढत आला होता आणि एकदाही घरी आणला नव्हता.

"काढला तर घरी आनाचा," आई म्हणाली. रागावली नव्हती. भाजी आणायला सांगावी तसं म्हणाली. सुपातला खडा उचलून तिनं अंगणात फेकला. "लेकरू किती दिवस हिंडंन?"

६

तान्ह्या पोळ्याला क्लास बंद होता. दुपारपासून गल्लीतून चाकांचे आवाज जात होते. पोरं नवे कपडे घालून, आईबापांचा हात धरून हिंडत होती. धीरजच्या दारापाशी आली की बाया पोरांना हळूच पलीकडे वळवायच्या. दुःखाच्या घरी बैल थांबवत नाहीत. आवाज जवळ यायचा, दाराशी जरा पातळ व्हायचा आणि पुढे जायचा.

बाबा सणाच्या दिवशीही दुकान उघडून बसले होते. आई स्वयंपाकघरात होती. धीरज आतल्या खोलीत गेला आणि कैलासच्या कॉम्प्युटरवरची चादर काढली.

धूळ नव्हती. आई पुसत असणार. स्पीकरची वायर भिंतीच्या बोर्डात होती, मशीनची बॅटरीच्या डब्यात. कीबोर्डवर डाव्या हाताची चार अक्षरं पुसून गुळगुळीत झालेली. बाणांनाही धीरजच्या बोटांनी चकाकी आली होती. त्यानं खुर्ची ओढली. मग उठून स्टूल आणलं आणि डाव्या बाजूला ठेवलं. का ठेवलं, हे स्वतःला विचारायच्या आत गेम सुरू केला.

मोठा पोस्टाच्या बाजूनं आला. जागेवर उभा राहिला.

"चाल," धीरज म्हणाला आणि बाण दाबला.

दोघं निघाले. हे इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पहिलं दार, दुसरं दार, बोजारा. सोनाराच्या बोळात कुत्रं आलं, मोठ्यानं बैल भिंतीला घेतला, धीरजनं मागून आवरला. वळणावर तो थांबायचा. धीरज घाईनं ढकलायचा तर दोरी सैल सोडून द्यायचा, अगदी कैलास सोडायचा तशी. एकदा धीरजच्या तोंडून "दादा, सांभाळ बे," असं निघालं आणि तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. स्पीकरमधून चाक वाजत होतं, करकर, करकर, टक. बाहेर गल्लीत खरे बैल वाजत होते. कोणता आवाज कुठला हे त्यानं पाहायचं सोडून दिलं. स्टुलाकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. हे आपण ठरवून करतो आहोत, हे त्याला कळत होतं.

हनुमान मंदिर झालं. पोस्ट झालं. फेरी पुरी करून बाहेरचं कोणी कधी परत पोचलं नव्हतं ती त्यांची स्वतःची गल्ली पडद्यावर आली. गेममध्ये आभाळ जांभळं झालं. खिडकीबाहेरही दिवेलागणीची वेळ झाली होती. पोरं घरोघरी परतली असावीत, गल्ली शांत झाली होती.

७

लाइट गेली.

पंखा मंदावत थांबला. बॅटरीचा डबा टूं, टूं करायला लागला. मशीन तेवढी चालू होती, खोलीत पडद्याचा निळसर उजेड. स्पीकरचा लाल दिवा विझला होता.

चाक वाजतच होतं.

धीरजनं बाणावरचं बोट उचललं. पडद्यावर बैल थांबला. आवाज थांबला नाही. करकर, करकर, टक. तो पडद्यातून येत नव्हता. गल्लीच्या तोंडाकडून येत होता, सावकाश, वळणावर थांबून. कोणाचं तरी उशीर झालेलं पोरगं असेल. असेलच. त्यानं बोट पुन्हा बाणावर ठेवलं. आता उठलं तर पुन्हा तेच, बैल पुन्हा रस्त्यात.

उंबरठा आला. दोघं उभे राहिले. उचलायचं होतं, एकाच वेळी. धीरजनं श्वास घेतला, लहानपणी ओसरीवर घ्यायचा तसा, आणि बाण दाबला. डोळ्याच्या कोपऱ्यात, कीबोर्डच्या डाव्या बाजूला, एक गुळगुळीत बटण खाली गेलं.

पडद्यावर बैल उचलला गेला. न कलंडता, सरळ.

तेव्हा मोठा वळायला लागला. आधी खांदा. मग कानाची कड. धीरजला ती कड ओळखू आली आणि त्याच क्षणी बॅटरी संपली.

अंधारात त्याला स्वयंपाकघरातून आईची पावलं ऐकू आली. भांड्यात पाणी घेतल्याचा आवाज. ती त्याच्या खोलीवरून गेली, चालीत घाई नव्हती. बाहेरचा आवाज ओसरीपाशी येऊन थांबला होता.

"थांबा रे, पाय धुऊ द्या," आई म्हणाली.

पाणी लाकडावर पडल्याचा आवाज आला. मग दगडावर ओघळल्याचा.

बाबांनी आणला असेल, धीरजनं म्हटलं. माळ्यावरून उतरवला असेल, आईनंच सांगितलं असेल. पण बाबा दुकानात होते आणि आई एकटीच्यानं तो बैल हलत नव्हता.

"धीरज." आईचा आवाज दारातून आला. "ये ना. त्याले एकट्याले उचलत नाई."

तो उठला. स्टुलाला पाय लागला, ते रिकामं होतं आणि त्याला आधी हायसं वाटलं. भिंतीला हात लावत तो दारापर्यंत गेला. आई एका बाजूला उभी होती, हातातलं भांडं रिकामं. उंबरठ्याबाहेर बैल होता. गल्लीत कुठे दिवा नव्हता. चाकं ओली होती, तेवढीच चमकत होती. ती मोकळी होती. त्यांना बांधलेला शर्ट तिथे नव्हता.

शर्ट पुढच्या बाजूला होता. बैलाच्या तोंडाशी, अंधारात, वाकलेलं पिवळं काहीतरी.

धीरजनं मान वर केली नाही. तो बैलाला वळसा घालून मागे गेला, लहान्याच्या जागी. गुडघे वाकवले. दोन्ही हात ओल्या लाकडाखाली घातले आणि त्या जुन्या वजनासाठी पाठ आवळून धरली.

पुढची बाजू आधीच उचललेली होती. त्याच्यासाठी थांबली होती.